युगांडातील एचआयव्हीबाधित मुलांसाठी अनाथाश्रम बांधावा का?

वसई परिसरातील एका धर्मग्रामाच्या युवक मंडळाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : युगांडात सेवा करणाऱ्या एका धर्मभगिनींच्या ओळखीतून तेथील एचआयव्हीबाधित मुलांसाठी काही करावे, अशी मंडळाची इच्छा आहे. थोडा निधी जमलेला आहे. त्यातून एक छोटा अनाथाश्रम बांधून द्यावा असे बहुतेकांचे मत आहे, आणि काही तरुणांना सुट्टीत महिनाभर तेथे जाऊन काम करायचे आहे. हे कितपत योग्य ठरेल?

मी बालरोगतज्ज्ञ असून दक्षिण युगांडातील मिशन रुग्णालयांत आणि त्यांच्या फिरत्या पथकांत बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारे उत्तर देते. इमारत बांधू नका, हे आधीच सांगून टाकलेले बरे. इमारत ही या कामातली सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी उपयोगाची गोष्ट आहे. जी मुले तुमच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांतली बहुतेक आजही कुणाच्या ना कुणाच्या घरात राहतात, आणि ते घर उभे राहील अशा तऱ्हेने पैसा खर्च झाला तरच तो मुलापर्यंत पोहोचतो. हे मत माझे एकटीचे नाही. ज्या मिशनरी संस्थांनी या साथीत सर्वांत आधी हात घातला, त्यांनीच ते अनुभवाने बनवले.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, टांझानियाच्या सीमेलगत, तेव्हाच्या राकाई जिल्ह्यात, कासेन्सेरो नावाचे मासेमारीचे गाव आहे. १९८२ च्या सुमारास तेथील माणसे झिजून मरू लागली, आणि लोकांनी त्या आजाराला इंग्रजी ‘स्लिम’वरून ‘सिलिमू’ म्हणायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत राकाई आणि मसाका या भागांतली कर्ती पिढीच निघून गेली. म्हातारी माणसे आणि लहान मुले एवढीच घरात उरली. मिशन रुग्णालयांच्या खाटा भरल्या, व्हरांड्यात चटया पडल्या, आणि देण्यासारखे औषध तर कुणाजवळच नव्हते. अशा वेळी, १९८७ मध्ये, मसाकाजवळच्या कितोवू रुग्णालयातून मेडिकल मिशनरीज ऑफ मेरी या आयरिश धर्मभगिनी संघाने फिरते पथक सुरू केले, जे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गावी जाऊन घरच्या घरी रुग्णाची शुश्रूषा करी. त्याच वर्षी झांबियाच्या दक्षिण भागात साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेच्या चिकनकाटा रुग्णालयानेही हाच मार्ग धरला. दोन्ही ठिकाणी सुरुवातीचे कारण जागेची टंचाई हेच होते. पण घरी गेल्यावर जे दिसले ते रुग्णालयात कधीच दिसले नसते. अंथरुणावरच्या आईला मॉर्फिनपेक्षाही ‘माझ्यामागे पोरांचे काय’ या प्रश्नाचे उत्तर हवे होते. कितोवूच्या पथकाने पुढे शाळा सुटलेल्या मोठ्या मुलांसाठी फिरत्या शेतीशाळा चालवल्या, त्या याच प्रश्नातून. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा घरातला कर्ता झाला होता, आणि केळीची बाग कशी राखायची हे शिकवायला घरात कुणीही उरले नव्हते.

आता अनाथाश्रमाविषयी. आकडेवारीत ‘अनाथ’ म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एक जरी गेला तरी ते मूल धरले जाते. त्यामुळे लाखोंचे आकडे वाचून आपल्या मनात रस्त्यावरच्या निराधार मुलांचे चित्र उभे राहते, ते खरे नसते. आफ्रिकेतील सुमारे नव्वद टक्के अनाथ मुले आजी, मावशी, काका, मोठी बहीण यांच्याकडेच वाढत आली आहेत. गरीब गावात तुम्ही दोन वेळचे जेवण आणि शाळेची फी मिळणारी इमारत उभी केली, की ती इमारत भरते. मात्र तिच्यात येणारी मुले निराधार असतातच असे नाही, तर ज्यांच्या आजीला फी परवडत नाही अशीच पुष्कळदा असतात. म्हणजे कुटुंब मोडायला आपणच निमित्त होतो. शिवाय खर्च पाहा : आश्रमातील एका मुलामागे जेवढा खर्च येतो, तेवढ्यात तीन-चार मुले आपापल्या घरी राहून शिकू शकतात. आणि अठराव्या वर्षी तो मुलगा फाटकाबाहेर पडतो तेव्हा जातो कोठे? मसाका ज्यात येते त्या बुगांडा भागात माणसाची ओळख त्याच्या कुळावरून होते. प्रत्येक कुळाचे एखादे चिन्ह असते, कुणाचे माकड तर कुणाचे अळंबे. आपल्याकडच्या देवकाप्रमाणे ते खायचे नसते आणि त्या कुळात लग्न करायचे नसते. कुळाच्या जमिनीत पूर्वजांच्या समाध्या असतात. जो मुलगा तेथे वाढला नाही, त्याचा जमिनीवरचा हक्क सांगायला कुणी पुढे येत नाही. युगांडातील धर्मभगिनींच्या संघांनी २०१६ पासून ‘कॅथलिक केअर फॉर चिल्ड्रन इन युगांडा’ या उपक्रमाद्वारे आपल्याच बालगृहांतली मुले घरी परत पाठवण्याचे काम हाती घेतले आहे. ज्यांनी आश्रम चालवले, त्यांनीच हे पाऊल उचलले, याचे वजन मोठे आहे.

यावर कुणी केनियातील नैरोबीच्या न्युम्बानी या बालगृहाचे उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवे. फादर अँजेलो डॅगोस्टिनो हे जेझुइट धर्मगुरू, शल्यचिकित्सक आणि मानसोपचारतज्ज्ञही होते. त्यांनी लोरेटो संघाच्या सिस्टर मेरी ओवेन्स यांच्या साथीने १९९२ मध्ये नैरोबीत एचआयव्हीबाधित मुलांसाठी हे घर सुरू केले. तेव्हा रुग्णालयांत टाकून दिलेली बाळे होती, संसर्गाच्या भीतीने नातेवाईक हात लावत नव्हते, इतर अनाथाश्रम दार उघडत नव्हते. त्या परिस्थितीत घर हवेच होते. मात्र पुढे काय झाले तेही पाहावे. १९९८ मध्ये त्याच संस्थेने ‘लेआ तोतो’ हा कार्यक्रम सुरू केला, ज्यात नैरोबीच्या झोपडवस्त्यांतील मुलांना त्यांच्या घरीच उपचार, आहार आणि समुपदेशन मिळू लागले. २००६ मध्ये किटुई येथे एक गाव वसवले, जेथे स्वतःची मुले गमावलेल्या आज्या-आजोबांच्या घरी अनाथ मुले नातवंडांसारखी राहतात. संसर्ग असलेल्या मुलांना सरकारी शाळा प्रवेश नाकारत होत्या म्हणून ही संस्था न्यायालयात गेली आणि २००४ च्या सुरुवातीला शाळांची दारे उघडली. माझ्या दृष्टीने त्या घराच्या भिंतींपेक्षा हा न्यायालयीन लढा मोठा, कारण त्याचा लाभ न्युम्बानीत कधी पाऊलही न टाकलेल्या मुलांना झाला.

या कथेत मुंबईचाही एक खरा धागा आहे. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा वर्षभराचा उपचार मेदसाँ साँ फ्राँतिएर या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोपर्यंत हीच औषधे माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होती. न्युम्बानीनेही त्याच वर्षी भारतातून स्वस्त जेनेरिक औषधे आणण्याचे ठरवले. पुढे ग्लोबल फंड हा आंतरराष्ट्रीय मदतनिधी आणि २००३ मध्ये जाहीर झालेली अमेरिकेची पेपफार ही एड्सविरोधी मदत योजना यांचा पैसा आला, आणि त्यातून आफ्रिकेत वाटली गेलेली बहुतांश औषधे भारतीय कारखान्यांत तयार झालेली होती. मसाकाजवळच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटावर महाराष्ट्रातले आणि गोव्यातले पत्ते वाचताना मला दर वेळी बरे वाटे, हे कबूल करते.

औषध आले, तरी मुलांची बाजू मोठ्यांपेक्षा मागे राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या २०२३ च्या आकड्यांनुसार जगात चौदा वर्षांपर्यंतची सुमारे १४ लाख मुले एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनाच उपचार मिळतात, तर प्रौढांत हे प्रमाण ७७ टक्के आहे. याची कारणे समजली म्हणजे पैसा कोठे लावायचा हे आपोआप कळते. पहिले कारण निदानाचे. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये बाळाच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे ही प्रतिद्रव्ये शोधणारी नेहमीची चाचणी तान्ह्या बाळासाठी निरुपयोगी ठरते. सहा आठवड्यांच्या सुमारास टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून ते दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावे लागतात आणि निकाल आईपर्यंत परत आणावा लागतो. निकाल येईपर्यंत आई माहेरी गेलेली असते, फोन बंद असतो. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी निम्मी दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. म्हणून आईपर्यंत न पोहोचलेली ती निकालाची चिठ्ठी घेऊन सायकलवर वस्ती शोधत जाणारी स्वयंसेविका ही माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत मोलाची व्यक्ती आहे, आणि देणगीदारांच्या यादीत तिच्या सायकलच्या ट्यूबसाठी कधीच रक्कम नसते.

दुसरे कारण औषधाच्या रूपाचे होते. लहान मुलांना वर्षानुवर्षे जे लोपिनाव्हिर या एचआयव्हीवरच्या औषधाचे पातळ रूप द्यावे लागे, ते अतिशय कडू, त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, आणि दवाखान्यात ते थंड जागी ठेवावे लागे. ज्या घरात वीजच नाही तेथे त्याचे काय होत असेल, ते सांगायला नको. २०२० च्या अखेरीस डोल्युटेग्राव्हिर या नव्या औषधाची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची दहा मिलिग्रॅमची गोळी मान्य झाली आणि चित्र बदलले. मात्र गोळीचा डोस वजनावर ठरतो : सहा ते दहा किलोच्या बाळाला दीड गोळी, दहा ते चौदा किलोला दोन, चौदा ते वीस किलोला अडीच. मूल वाढले की डोस बदलायचा असतो. निरक्षर आजीला हे समजावण्यासाठी आमच्या नर्स डबीवर सूर्य काढत आणि त्याच्याखाली जेवढ्या गोळ्या तेवढे टिपके, अर्ध्या गोळीसाठी अर्धा टिपका. पुढच्या भेटीत डबीतल्या उरलेल्या गोळ्या चटईवर ओतून आजीबरोबर मोजायच्या. त्या मोजण्यातून जे कळते, ते रक्ताच्या अहवालातून कळत नाही. गोळ्या जास्त उरल्या असतील तर आजीला रागावण्याऐवजी घरात गेल्या आठवड्यात काय शिजले, हे विचारायचे असते. पुष्कळदा उत्तर निघते की दिवसातून एकदाच पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि तोही नुसता. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मूल ओकते, म्हणून आजीने आपल्या शहाणपणाने गोळी बंद केलेली असते. येथे औषध बदलून काही होत नाही, घरात शेंगदाणे आणि बीन्स पोहोचावे लागतात.

तिसरे कारण गुप्ततेचे, आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दुरून मदत करणाऱ्यांच्या ते लक्षातच येत नाही. जन्मतः संसर्ग झालेले मूल आठ-नऊ वर्षांचे झाले, की ‘मीच रोज गोळी का घ्यायची, भाऊ का नाही’ असे विचारते. घरचे म्हणतात, तुझी छाती कमजोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले की शाळकरी वयातल्या मुलाला त्याची स्थिती हळूहळू, त्याच्या समजेनुसार सांगितली पाहिजे. कागदावर हे सोपे असते. प्रत्यक्षात मुलाला सांगायचे म्हणजे त्याची आई कशाने गेली हे सांगायचे, आणि आजीला आपल्या मेलेल्या लेकीबद्दल ते बोलायचे नसते. त्यामुळे आधी आजीचे समुपदेशन, मग मुलाचे, आणि ते एका बैठकीत कधीच होत नाही. न सांगितलेले मूल पंधराव्या वर्षी बाहेरून कळल्यावर गोळ्या फेकून देते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की मुलांचे समुपदेशन ही मला चैनीची बाब वाटत नाही. त्यात युगांडात माध्यमिक शिक्षण बरेचसे निवासी शाळांत होते. मुले पत्र्याची पेटी आणि गादी घेऊन शाळेत जातात, चाळीस जण एका दालनात झोपतात. गोळ्यांची डबी हलवली की खुळखुळते, म्हणून मुले गोळ्या कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवतात आणि दमट हवेत त्या खराब होतात. यावर उपाय आहे : शाळेतील मेट्रन, म्हणजे वसतिगृह सांभाळणारी बाई, किंवा नर्स यांना विश्वासात घेऊन औषध त्यांच्याकडे ठेवायचे. त्यासाठी दर सत्राच्या सुरुवातीला कुणीतरी त्या शाळेत जाऊन बोलावे लागते.

म्हणूनच एक विनंती अगदी ठाम शब्दांत करते. ‘एचआयव्हीबाधित बालक’ असा मजकूर असलेले मुलांचे फोटो मागवू नका, चर्चच्या फलकावर लावू नका, मंडळाच्या ग्रुपवर फिरवू नका. वसईत टाकलेला फोटो मसाकात पोहोचायला आता वेळ लागत नाही. जी संस्था असे फोटो आपण होऊन पाठवते, तिच्याविषयी मला शंका येते.

घराच्या बाजूने आणखी दोन गोष्टी. वडील गेल्यावर सासरची माणसे विधवेला आणि मुलांना जमिनीवरून हुसकावून लावतात, हा प्रकार तेथे फार जुना. २०२२ मध्ये उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन विधवेचे आणि मुलांचे हक्क बळकट झाले, पण कायदा गावात आपल्या पायांनी चालत येत नाही. मृत्युपत्र लिहून घ्यायला मदत करणारा, गावच्या पंचांसमोर उभा राहणारा माणूस लागतो. १९९० च्या दशकात युगांडातील एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने ‘आठवणींच्या वह्या’ लिहायला सुरुवात केली, त्यांत आई मुलासाठी आपले कूळ, नातेवाईक, जमिनीची हद्द, त्याच्या जन्माची गोष्ट असे सारे लिहून ठेवी. हळव्या वाटणाऱ्या या वह्या पुढे जमिनीच्या तंट्यात कामी आल्या. दुसरी गोष्ट दुधाच्या डब्यांची. देणगीदारांना दूध पावडर पाठवायला आवडते. पाठवू नका. एचआयव्हीवरचे औषध घेणाऱ्या आईने बाळाला अंगावर पाजावे, अशीच २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. २००६ मध्ये बोत्स्वानात पुरानंतर पाणी दूषित झाले, तेव्हा अतिसाराने दगावलेल्या बाळांत वरच्या दुधावरची बाळेच बहुसंख्य होती.

प्रश्न धर्मग्रामातून आला आहे, म्हणून ख्रिस्तसभेच्या भूमिकेविषयीही स्पष्ट लिहिते. या साथीत चर्चने जखमा बांधल्या आणि केल्याही. ‘पापाची शिक्षा’ अशी प्रवचने मी माझ्या कानांनी ऐकली आहेत, आणि प्रार्थनेने बरे झालात, आता गोळ्या सोडा, असे सांगणाऱ्या उपदेशकांमुळे मरणाच्या दारात पोहोचलेली माणसे आमच्या वॉर्डात आली आहेत. त्याच युगांडात अँग्लिकन धर्मगुरू गिदोन ब्यामुगिशा यांनी १९९२ मध्ये आपण स्वतः एचआयव्हीबाधित असल्याचे उघडपणे सांगितले, आणि त्या एका कबुलीने जे साधले ते शंभर पत्रकांनी साधले नसते. चर्चची खरी ताकद तिच्या माणसांत आहे. झिम्बाब्वेत मुतारे येथील फॅमिली एड्स केअरिंग ट्रस्टने १९९३ पासून खेड्यांतल्या चर्चमधील स्त्रियांनाच अनाथ मुलांच्या घरी नियमित भेट द्यायला तयार केले. या बाया त्याच गावच्या, स्वतःही बहुधा विधवा. कोणत्या घरात चूल पेटली नाही हे त्यांना कुणी सांगावे लागत नाही. तुम्ही ज्या कार्यक्रमाला मदत कराल तो मुस्लिम घरातही जातो का, आणि मदतीसाठी प्रार्थनासभेची अट तर नाही ना, हे आधी विचारून घ्या. अट असेल तर तेथे पैसा देऊ नये असे माझे मत आहे.

निधीचे काय करावे? ज्या धर्मभगिनींशी तुमची ओळख आहे, त्यांच्या धर्मप्रांताच्या आरोग्य विभागाला लिहा आणि चालू असलेल्या घरपोच सेवेच्या कार्यक्रमात कोणत्या खर्चाला पैसा मिळत नाही, एवढेच विचारा. उत्तरे नीरस असतील : स्वयंसेविकांचा प्रवासखर्च, दवाखान्यापर्यंतचे बोडा-बोडाचे, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलचे, भाडे, समुपदेशिकेचा पगार, शाळेच्या सत्राची फी, पावसाळ्याआधी आजीच्या घराचे पत्रे. त्यांतले एक काहीतरी घ्या आणि निदान तीन वर्षे निभवा. एका वर्षाचा मोठा चेक आणि मग शांतता, यापेक्षा थोडी पण अखंड रक्कम कितीतरी बरी. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली, तेव्हा औषधांपेक्षाही आधी बंद पडले ते हेच गावपातळीवरचे काम, त्यामुळे आज या रकमांची निकड पूर्वीपेक्षा अधिक आहे.

पैसा पाठवण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटशी बोला. भारतातील धर्मादाय न्यासाने परदेशात खर्च केला तर, विशेष मंजुरी नसल्यास, त्या रकमेवरची करसवलत जाते. व्यक्तींना मात्र रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली ठरावीक वार्षिक मर्यादेत परदेशी देणगी पाठवता येते. मंडळाच्या नावाने पैसा गोळा करून कुणा एकाच्या खात्यातून पाठवणे टाळावे. हिशेबाचा घोळ होतो आणि मागाहून संशय येतो.

राहिला महिनाभर जाण्याचा प्रश्न. आठ-दहा तरुणांच्या विमानभाड्यात एका समुपदेशिकेचा पगार काही वर्षे निघेल, आणि महिनाभर लळा लावून निघून जाणारे पाहुणे त्या मुलांनी आधीच पुष्कळ पाहिले आहेत. मंडळात कुणी परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा हिशेबनीस असेल आणि किमान वर्षभर राहण्याची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी. परिचारिकेने आणि तंत्रज्ञाने युगांडातील आपापल्या व्यावसायिक परिषदेकडे नोंदणी करूनच कामाला हात लावावा, कामाचा परवाना मिशन रुग्णालयामार्फत आधी काढावा, आणि पहिले तीन महिने लुगांडा ही तिथली भाषा शिकण्यासाठी राखून ठेवावेत. रुग्णालयात इंग्रजीवर भागते. आजीच्या घरात भागत नाही. हिशेबनीस मिळाला तर मला जरूर कळवा, कारण मिशनच्या कार्यक्रमांत डॉक्टरपेक्षाही त्याची वानवा असते.